खाऱ्या वाऱ्यातली उंडी

अर्नाळ्याच्या किनाऱ्यालगत घर बांधणाऱ्याला खारा वारा काय करतो ते पहिल्या वर्ष-दोन वर्षांतच कळते. खिडक्यांच्या बिजागऱ्या गंजतात, पत्र्याला भोके पडतात, स्लॅबमधली सळई फुगून सिमेंटचे पोपडे सुटतात. घराचे होते तेच अंगणातल्या झाडाचे. हौसेने आणलेले रोप पावसाळ्यात तरारते, दिवाळीपर्यंत हिरवेगार राहते. फाल्गुन-चैत्रात दुपारचा वारा जोर धरू लागला की समुद्राकडच्या पानांच्या कडा तांबूस होतात, शेंडे जळतात. पुढच्या पावसापर्यंत झाड तगलेच तर एकाच अंगाने वाढलेले दिसते. घरमालक खत बदलतो, पाणी वाढवतो, रोपवाटिकेला बोल लावतो. चूक बहुतेक वेळा यांपैकी कशातच नसते, झाडाच्या निवडीत असते.

लाट फुटते तेव्हा उडालेले बारीक तुषार वाऱ्याबरोबर वस्तीत येतात. पाणी उडून जाते, मीठ पानावर उरते. पातळ, मऊ पानात ते शिरले की पान कडेकडून करपत जाते. समुद्राकडच्या कोवळ्या कळ्या मरतात, आडोशाच्या जगतात. किनाऱ्यावरची पुष्कळ झाडे जमिनीकडे कललेली दिसतात ती यामुळेच. वाऱ्याने ती नुसती वाकवलेली नसतात, वर्षानुवर्षे एका बाजूने छाटलेली असतात. त्यात अर्नाळ्याची जागा अशी की पश्चिमेला उघडा समुद्र आणि उत्तरेला वैतरणेचे मुख. जमीन रेताड, म्हणजे घातलेले पाणी आणि खत दोन्ही खाली निघून जाते. पावसाळ्याच्या चार महिन्यांत सुमारे दोन हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो आणि उरलेले आठ महिने आकाश कोरडे असते. इतक्या टोकाच्या दोन ऋतूंत टिकणारे झाड शोधायचे तर ते याच किनाऱ्यावर वाढलेल्या झाडांत शोधावे लागेल.

तसे झाड आहे आणि ते फुलणारेही आहे. उंडी.

आज अर्नाळ्याच्या नव्या घरांभोवती मात्र दुसरीच झाडे दिसतात. मे महिन्यात लालभडक होतो म्हणून गुलमोहर लावला जातो. तो मादागास्करचा. त्याचे लाकूड ठिसूळ, मुळे उथळ आणि फांद्या आडव्या पसरलेल्या, त्यामुळे पहिल्या मोठ्या वादळात त्याची फांदी कोणाच्या तरी कौलांवर येते. किनाऱ्यावरची सुरूची रांग तर अर्नाळ्याची ओळखच झाली आहे. मुंबईहून सुट्टीच्या दिवशी येणाऱ्यांना ही बाग इथल्या मूळच्या रानाचा भाग वाटते. सुरू इथला नाही. आग्नेय आशिया आणि ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यांवरचे हे झाड भारताच्या मुख्य भूमीवर १८६८ च्या सुमारास कारवारला लावले गेले आणि तिथून किनाऱ्याकिनाऱ्याने पसरले. त्याचे उपकार नाकारण्याचे कारण नाही. ते झपाट्याने वाढते, हवेतला नत्र मुळांतल्या सूक्ष्म जीवांच्या मदतीने जमिनीत आणते, वाळू अडवते, सरपण देते. पण त्याच्या काड्यांचा जाड थर जमिनीवर साचला की खाली फारसे काही उगवत नाही. किनारा धुपू लागला, लाटा बुंध्याशी पोहोचल्या की सुरूच्या ओळीच्या ओळी मुळे उघडी पडून आडव्या होतात. वसई तालुक्याच्या किनाऱ्यावर हे दृश्य गेली अनेक वर्षे दिसते आहे. सुरूच्या मागे, दुसऱ्या रांगेत स्थानिक झाडे वाढवली असती तर पहिली रांग गेल्यावर निदान दुसरी उभी राहिली असती.

१७ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ मुंबई-पालघरच्या समोरून गुजरातकडे गेले. वसई-विरार पट्ट्यात त्या दिवशी केळीच्या बागा झोपल्या, झाडे मोडली, वीज गेली. त्याच्या वर्षभर आधीच, ३ जून २०२० ला, निसर्ग वादळाने रायगडच्या किनाऱ्यावर नारळ-सुपारीच्या वाड्या उद्ध्वस्त केल्या होत्या. अरबी समुद्रातली वादळे आता क्वचित घडणारी गोष्ट राहिलेली नाही. तेव्हा अंगणात कोणते झाड आहे हा प्रश्न हौसेपुरता उरत नाही, तो घराच्या सुरक्षिततेचा होतो.

उंडीचे शास्त्रीय नाव कॅलोफायलम इनोफायलम. लिनियसने ते १७५३ मध्ये दिले. संस्कृत ग्रंथांतला पुन्नाग तो हाच, असे मानले जाते. झाड सदाहरित, साधारण ८ ते २० मीटर उंच, आणि उंचीपेक्षा घेराने मोठे वाटणारे. खोड क्वचितच सरळ जाते. किनाऱ्यावर तर ते समुद्राकडे झुकते, खालूनच फुटते, फांद्या जमिनीला टेकतील अशा पसरतात. सालीला उभ्या भेगा असतात. पान हाताच्या पंजाएवढे, जाड, चामड्यासारखे, वरून तुकतुकीत. मधल्या शिरेपासून निघणाऱ्या बारीक शिरा कंगव्याच्या दातांसारख्या एकमेकींना लागून समांतर धावतात. एकदा हे पान उजेडासमोर धरून पाहिले की पुढे उंडी ओळखायला दुसरी खूण लागत नाही. खाऱ्या तुषारांना हे झाड दाद देत नाही ते याच पानामुळे. त्याच्यावरचा मेणचट थर मीठ आत शिरू देत नाही आणि पाऊस पडला की पान धुऊन निघते.

आणि फूल! गडद हिरव्या पानांच्या बगलेत पांढऱ्या फुलांचे झुपके येतात. एकेक फूल इंचभर रुंद, बहुधा चार शुभ्र पाकळ्यांचे, मध्ये पिवळ्या केसरांचा दाट गुच्छ. वास गोड, लिंबाच्या फुलोऱ्याची आठवण देणारा, पण त्याहून भरलेला. कोकणात मुख्य बहर हिवाळ्याच्या सुमारास येतो आणि पुष्कळदा वर्षातून दुसऱ्यांदाही फुले दिसतात. बहरातल्या झाडाखाली सकाळी उभे राहिले तर मधमाश्यांचा आवाज आधी ऐकू येतो, फुले नंतर दिसतात. पाकळ्या गळून पडल्या की हिरवी गोल फळे धरतात. गोटीपेक्षा मोठी, पिकल्यावर पिवळसर आणि मग सुरकुतलेली. फळात एकच बी आणि त्याभोवती टणक कवच. कवचामुळे फळ पाण्यावर तरंगते आणि समुद्राच्या प्रवाहाबरोबर कुठल्या कुठे जाऊन रुजते. उरलेले काम वटवाघळे करतात. त्यांना वरचा पातळ गर हवा असतो. ती फळ उचलून नेतात, गर खातात आणि बी दुसऱ्याच्या परसात टाकतात.

अशा प्रवासामुळे उंडीचा मुलूख अफाट आहे. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून भारत, श्रीलंका, आग्नेय आशिया, उत्तर ऑस्ट्रेलिया ओलांडून थेट प्रशांत महासागरातल्या बेटांपर्यंत तो पसरला आहे. हवाई बेटांवर ती स्वतःहून गेली नाही. पॉलिनेशियाचे दर्यावर्दी नवी बेटे वसवायला निघाले तेव्हा आपल्या होड्यांतून तिचे बी बरोबर घेऊन गेले. तिथे तिला कामानी म्हणतात. ताहितीत ती तमानू, आणि तिचे तेल आज जगभर याच नावाने बाटलीतून विकले जाते. घर सोडून समुद्रावर निघालेल्या माणसांनी मोजक्या बियाण्यांत हिची निवड केली, यात या झाडाच्या उपयोगाविषयी पुष्कळ काही आले.

आपल्या बाजूला तिची सर्वांत सुंदर नोंद मराठीत नाही, तमिळमध्ये आहे. संगम साहित्यात प्रत्येक भूप्रदेशाला त्याची झाडे, त्याचे पक्षी, त्याची भावना वाटून दिलेली आहे. त्यात समुद्रकिनाऱ्याच्या प्रदेशाशी पुन्नै, म्हणजे उंडी, कायमची जोडलेली आहे. ‘नट्रिणै’ या संग्रहातल्या १७२ व्या कवितेत किनाऱ्यावरच्या एका मुलीच्या घरची हकिकत येते. मैत्रिणींबरोबर खेळताना मुलींनी पांढऱ्या वाळूत एक बी दाबले आणि त्या विसरून गेल्या. ते रुजले. त्यांनी ते तूप-दूध घालून वाढवले आणि आई म्हणू लागली की ही तुमची बहीण, तुमच्याहूनही गुणाची. आता त्या झाडाच्या सावलीत प्रियकराशी हसायला-बोलायला मुलीला लाज वाटते. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी उंडी घरच्या अंगणात, वाळूत, बी लावून वाढवली जात होती आणि घरातल्या माणसांत मोजली जात होती. घराभोवती उंडी लावण्याच्या विषयाला याहून जुना आणि याहून नेमका आधार शोधूनही मिळणार नाही. चेन्नईच्या मैलापूरमधल्या कपालीश्वर मंदिराचा स्थलवृक्षही पुन्नैच आहे.

सतराव्या शतकात कोचीचा डच गव्हर्नर हेन्ड्रिक व्हान ऱ्हीड याने मलबारच्या वनस्पतींवर ‘हॉर्टस मलबारिकस’ हा बारा खंडांचा ग्रंथ तयार करवला. १६७८ ते १६९३ या काळात तो ॲमस्टरडॅमला छापला गेला. त्यात उंडी ‘पोन्ना’ या मल्याळी नावाने चित्रासह आली आहे. या ग्रंथासाठी ज्यांनी माहिती पुरवली त्यांत इट्टी अच्युतन या वैद्याबरोबर रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट हे तीन कोकणी ब्राह्मण होते. त्यांचे कोकणी भाषेतले, देवनागरी लिपीतले प्रमाणपत्र पहिल्या खंडात छापलेले आहे. लिनियसने ज्या ग्रंथांच्या आधारे आपल्याकडच्या झाडांना नावे दिली त्यांत हा एक प्रमुख होता. उंडीच्या लॅटिन नावामागे या किनाऱ्यावरच्या वैद्यांचे ज्ञान उभे आहे, ही गोष्ट शाळेच्या पुस्तकांत यायला हवी.

अर्नाळ्यासारख्या गावाला उंडी लागत होती ती होडीसाठी आणि दिव्यासाठी. तिचे लाकूड तांबूस, कठीण, पीळ असलेले, पाण्यात टिकणारे. होड्या बांधणारे सुतार त्याची वाकडी फांदीही वाया जाऊ देत नसत, कारण होडीच्या बाकाला जन्मतः वाकलेले लाकूड चिरलेल्या लाकडापेक्षा मजबूत. बियांतला गर वाळवून घाण्यावर घातला की हिरवट, उग्र वासाचे, कडू तेल निघते. कोकणात ते पणत्यांत जळे, होडीच्या फळ्यांना चोपडले जाई, सांधे दुखू लागले की चोळले जाई आणि त्वचेच्या जखमांवर लावले जाई. अर्नाळ्याच्या समोरचा जंजिरा १७३७ मध्ये मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून घेतला. बेटावरचा किल्ला, त्याच्याकडे ये-जा करणाऱ्या होड्या आणि काठावरची कोळी, मांगेला, वैती वस्ती, या साऱ्यांचे दिवस लाकूड आणि तेल यांवरच चालत होते. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त आरमारासाठी लाकूड तोडताना रयतेच्या आंब्या-फणसांना तिच्या मर्जीविरुद्ध हात लावू नये अशी सक्त ताकीद आहे. लेकराप्रमाणे वाढवलेले झाड गेले की लावणाऱ्याच्या दुःखाला पार राहत नाही, हे राज्यकर्त्याने आज्ञेत लिहून ठेवले. तशी कळकळ असलेला सरकारी कागद आजही दुर्मीळ आहे.

मग उंडी अंगणांतून का गेली? एकेक करून तिची गरज संपली. रॉकेल आले आणि मग वीज आली, तेव्हा दिव्याचे तेल गेले. होड्यांना इंजिन आले, मागाहून फायबरच्या होड्या आल्या, तेव्हा लाकूड गेले. घाणे बंद पडले. उरली ती सावली आणि फुले, आणि त्यांची किंमत बाजारात होत नाही. वसईच्या फुलबागायतदाराने सोनचाफा वाढवला हे रास्तच होते, कारण त्याची फुले पहाटेच्या लोकलने दादरच्या फुलबाजारात पोहोचतात आणि संसाराला हातभार लावतात. उंडीचे फूल गजऱ्यात टिकत नाही. वाडी विभागली गेली, गुंठ्यांची खरेदी-विक्री सुरू झाली, तेव्हा वीस फुटांचा घेर व्यापणारे जुने झाड आधी तोडले गेले.

आता तिच्याकडे परत वळण्याची कारणे वेगळी आहेत, आणि ती लावायची कशी ते इथे जरा तपशिलात सांगणे योग्य ठरेल, कारण उंडीची लागवड फसते ती बहुधा साध्या चुकांनी.

पहिला विचार जागेचा. पूर्ण वाढलेल्या उंडीला चहूबाजूंनी मोकळीक लागते. घराच्या भिंतीपासून निदान वीस फूट सोडावे, जमल्यास अधिक. झाड घराच्या समुद्राकडच्या बाजूला, कुंपणाच्या आत लावले तर तेच वाऱ्याला आणि मिठाला अडवते आणि मागच्या भाजीला, जास्वंदीला, केळीला आडोसा मिळतो. वाडीत नारळ-केळी असतील तर उंडी पश्चिमेच्या बांधावर असावी, मधोमध नको. तिची सावली दाट असते आणि खालच्या पिकाला ऊन मिळत नाही. विजेच्या तारांखाली तर ती लावूच नये. पाणी साचणारी जागा टाळावी. थोडे दिवस साचलेले पाणी ती सोसते, पण चिखलात कायम उभी राहत नाही. रेती तिला चालते, किंबहुना आवडते.

बी ताजे हवे. झाडाखाली पडलेली, साल सुरकुतून तपकिरी झालेली फळे गोळा करावीत, पाण्यात टाकून वरचा गर काढावा आणि लवकर पेरावीत. फार दिवस ठेवलेल्या बियांची उगवण घटते. खरी मेख कवचात आहे. अख्खे कवच असलेले बी उगवायला सुमारे दोन महिने घेते. कवच पूर्ण काढून पेरले तर तीन आठवड्यांच्या आसपास कोंब दिसतो. हलक्या हातोडीने कवचाला तडा देऊन आतला गर न दुखवता बाहेर काढावा. हे काम घाईचे नाही. गर चेचला गेला तर बी कुजते. पिशवी खोल घ्यावी, कारण मूळ लगेच खाली धावते आणि उथळ पिशवीत वेटोळे घालते. वेटोळे झालेल्या मुळाचे रोप जमिनीत लावले तरी पुढे वादळात तेच आधी उपटते. मातीत निम्मी रेती, बाकी पोयटा आणि कुजलेले शेणखत. अर्धी सावली आणि ओलावा, एवढे पुरते.

रोप वीतभराहून मोठे झाले, पाने जाड झाली की पावसाच्या सुरुवातीला, मृगाच्या सरी लागल्यावर, जागेवर लावावे. दोन फूट लांब-रुंद-खोल खड्डा, त्यात पालापाचोळा, शेणखत आणि वाडीत वापरतात ते मासळीचे खत थोडेसे. कोवळ्या मुळाला मासळीचे खत थेट लागू देऊ नये. ते खड्ड्याच्या तळाशी घालून वर मातीचा थर द्यावा. पावसाळा संपला की पश्चिमेच्या बाजूला नारळाच्या झावळ्यांचा कूड उभा करावा. मोठी उंडी खारा वारा झेलते, पण पहिल्या वर्षाच्या रोपाला तो आडोसा लागतो. अर्नाळ्याची पुष्कळ रोपे याच एका गोष्टीवाचून जातात. पहिले दोन उन्हाळे आठवड्यातून दोनदा भरपूर पाणी आणि बुंध्याभोवती पाल्याचे आच्छादन, म्हणजे रेती तापत नाही. विहिरीचे पाणी मचूळ लागत असले तरी एकवार जम बसलेली उंडी ते निभावून नेते. पण रोपाला मात्र गोडे पाणीच द्यावे.

छाटणीचा मोह आवरावा. शहरी बागेच्या सवयीने खालच्या फांद्या कापून खोड उंच आणि सरळ करण्याची पद्धत उंडीला लागू करू नये. समुद्राकडच्या खालच्या फांद्या तिचे वजन खाली ठेवतात आणि जमिनीलगतचा वारा अडवतात. वाट अडत असेल तर घराकडच्या बाजूच्या दोन-चार फांद्या हिवाळ्यात काढाव्यात. कापताना सालीतून चीक येतो. तो डोळ्यात जाऊ देऊ नये, त्वचेवर आला तर लगेच धुवावा. बियांतला गर विषारी आहे, हे घरातल्या लहान मुलांना स्पष्ट सांगून ठेवावे. गोट्या म्हणून फळे खेळायला हरकत नाही, फोडून तोंडात घालायला आहे. पिकलेली फळे फरशीवर किंवा रस्त्यावर पडली की पाय घसरतो, दुचाकीही घसरते. म्हणून फाटकाच्या वाटेवर आणि गाडी उभी करण्याच्या जागेवर हे झाड नको. गळालेली पाने लवकर कुजत नाहीत. ती जाळण्याऐवजी केळीच्या बुंध्याशी आच्छादन म्हणून घालावीत.

ज्यांच्याकडे वीस फुटांचीही मोकळीक नाही त्यांनी उंडीचा हट्ट धरू नये. त्यांच्यासाठी भेंड आहे. भाजीच्या भेंडीच्या कुळातलेच हे झाड, मध्यम उंचीचे, पिंपळासारख्या पानांचे, म्हणून त्याला पारोसा पिंपळ असेही म्हणतात. सकाळी उमलणारे फूल पिवळे, तळाशी गडद तांबडा ठिपका. दिवस कलता कलता तेच फूल तांबूस-जांभळे होऊन मिटते, आणि झाडावर जवळजवळ वर्षभर एखादे तरी फूल असते. त्याची मनगटाएवढी जाड फांदी पावसाळ्यात जमिनीत पुरली तर ती मूळ धरते. म्हणूनच किनाऱ्यावरच्या वाड्यांची कुंपणे भेंडाच्या खुंटांची असत आणि ती कुंपणेच पुढे झाडे होत. खाऱ्या जमिनीत, खाडीच्या काठावर ते उंडीइतकेच निर्धास्त राहते आणि छाटणीही सोसते. लाकूड चिवट, गाडीच्या चाकांना आणि अवजारांना चालणारे. खाडीकडच्या कुंपणासाठी करंजही चांगला. त्याची जांभळट-पांढरी फुले चैत्र-वैशाखात जमिनीवर सडा घालतात. बकुळ हवी असेल तर ती उंडीच्या किंवा घराच्या आडोशाला लावावी. महाराष्ट्राचे राज्यपुष्प असलेला ताम्हण अर्नाळ्यातल्या नव्या बागांमध्ये हौसेने लावला जातो, पण तो नदीकाठचा, गोड्या ओलाव्याचा. त्याला वाऱ्यासमोर उभे करणे त्याच्यावर अन्याय आहे. विरारकडे, डोंगराच्या पायथ्याशी तो उत्तम फुलतो.

झाडांचा विचार वसईत पाण्यापासून वेगळा करता येत नाही. इथल्या वाड्या जगल्या त्या विहिरी आणि बावखले यांच्यावर. बावखल म्हणजे गावातले गोड्या पाण्याचे खोदीव तळे. पावसाचे पाणी त्यात साठते, जमिनीत मुरते आणि समुद्राच्या खाऱ्या पाण्याला मागे रेटते. बावखले बुजली, टँकरवाल्यांनी विहिरी उपसल्या, तसे खारे पाणी आत सरकले. याच प्रश्नावर फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली आणि वसईच्या हिरव्या पट्ट्याचा प्रश्न राज्यभर पोहोचला. घराभोवतीच्या चार झाडांनी बावखल परत येणार नाही. पण अंगणभर फरशी घालण्याऐवजी उंडीखालची जागा मोकळी माती म्हणून ठेवली, तिच्यावर पाला पडू दिला, तर त्या चौकोनात पडलेला पाऊस गटारात न जाता जमिनीत जातो. वसईत ही गोष्ट लहान नाही.

सरकारी वृक्षारोपणात उंडीला स्थान मिळायला हवे, आणि इथे मत स्पष्ट मांडायला हवे. महाराष्ट्राने २०१९ मध्ये ३३ कोटी झाडांचा संकल्प केला. संकल्प आकड्याचा असला की रोपवाटिका सोपी आणि झटपट वाढणारी रोपे तयार करतात. उंडी हळू वाढते. पहिल्या वर्षांत चांगल्या जागी तिची उंची बऱ्यापैकी वाढते, मग ती घेर धरत संथ होते आणि फुलायला साधारण सात-आठ वर्षे घेते. पाच वर्षांच्या कार्यक्रमात ती बसत नाही. म्हणूनच तिची जागा आधी घराच्या अंगणात आहे. तिथे तिच्याकडे रोज पाहणारे कोणीतरी असते. सामाजिक वनीकरण विभागाच्या रोपवाटिकेत ती मागितली पाहिजे. मागणी आली तर रोपे तयार होतात. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठात वनशास्त्राचे महाविद्यालय आहे आणि कोकणातल्या झाडांविषयी तिथे विचारता येते. उंडीच्या तेलापासून इंजिनाचे इंधन करण्याचे प्रयोगही भारतात झाले आहेत. पण घरच्या एका झाडाकडून इंधनाची अपेक्षा ठेवू नये. गावात दहा-वीस झाडे असतील तर बिया गोळा करून तेल काढणे मात्र पुन्हा शक्य आहे, आणि त्वचेसाठी तमानू तेल महागड्या बाटलीतून विकत घेणाऱ्यांच्या काळात त्याला गिऱ्हाईकही मिळेल.

एक शेवटची, कागदाची गोष्ट. अर्नाळ्यात जमिनी वाटल्या जातात, विकल्या जातात, आणि नव्या मालकाला जुन्या झाडाची माहिती नसते. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीच्या मोबाइल ॲपमध्ये शेतकऱ्याला पिकाबरोबर बांधावरची झाडेही नोंदवता येतात. ज्यांची वाडी सातबारावर आहे त्यांनी आंबा-नारळाबरोबर उंडीचीही नोंद करावी, फोटोसकट. घरपट्टीच्या जागेत झाड असेल तर किमान खरेदीखताबरोबरच्या नकाशात त्याची जागा दाखवून घ्यावी आणि भाऊवाटणीत ते कोणाच्या हिश्श्यात गेले ते लिहून ठेवावे.